किनाऱ्यावरच्या जुन्या ओम्नीला रंग देण्यापूर्वी

आपल्या प्रश्नाचा आशय मला समजला तो असा. हर्णैजवळ आपले घर आहे, २००९ ची पांढरी मारुती ओम्नी आहे आणि आधीच्या मालकाने ती काही वर्षे मासळीच्या वाहतुकीला वापरली होती. दोन वर्षांपूर्वी आपण पूर्ण गाडीला रंग दिला. मात्र पहिल्याच पावसाळ्यानंतर सरकत्या दरवाजांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढच्या काचेचे खालचे कोपरे येथे रंगाखाली फोड दिसू लागले. गावातील पेंटर म्हणतात की घासून, पुट्टी भरून चार दिवसांत रंग मारून देतो. रत्नागिरीचे गॅरेज म्हणते की काचा उतरवाव्या लागतील, काही ठिकाणी पत्रा कापावा लागेल, आणि त्यांनी सांगितलेला आकडा तिपटीच्या जवळपास आहे. फेब्रुवारी संपत आला आहे. तेव्हा कोणता रंग घ्यावा, कोणाकडून मारून घ्यावा आणि पावसाळ्यापूर्वी काम उरकावे का, असे आपण विचारता.

मी याच जिल्ह्यात गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचे काम करीत आलो आहे, आणि माझ्या मते कोणता रंग हा आपल्या गाडीपुढचा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न असा की प्रत्येक फोडाखालचा गंज बाहेरून आत गेला आहे की आतून बाहेर आला आहे. खडा उडून रंगाचा टवका निघाला आणि तेथून गंज पसरला, तर तो बाहेरचा. तो घासून स्वच्छ करता येतो. आपण सांगितलेल्या तिन्ही जागा मात्र दुहेरी पत्र्याच्या, दुमडलेल्या किंवा रबराखाली झाकलेल्या आहेत. दरवाजाच्या खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो. खिडकीच्या काचेलगतच्या फटीतून पावसाचे पाणी दरवाजाच्या पोटात उतरणे हे ठरलेलेच आहे, आणि ते बाहेर पडावे म्हणून तळाशी बारीक छिद्रे दिलेली असतात. आपल्याकडची तांबडी माती त्या छिद्रांत बसली की पाणी दुमडीत साचून राहते. चाकाच्या कमानीत आतला आणि बाहेरचा पत्रा जेथे मिळतो तेथे चिखल अडकतो, आणि पुढच्या काचेच्या रबराखाली ओल कोंडते. हा गंज पत्र्याच्या मागच्या बाजूने सुरू झालेला असतो, आणि फोड दिसतो तेव्हा तो पत्रा खाऊन अलीकडे आलेला असतो. त्याच्यावर जगातला उत्तम रंग मारला तरी पुढच्या पावसाळ्यात तो तेथेच उठेल. मागच्या वेळचा रंग वाईट होता, असे म्हणूनच मी म्हणणार नाही. रंगाला जे काम जमणारच नव्हते ते त्याच्यावर सोपवले गेले होते.

किनाऱ्यावर यात मिठाची भर पडते, आणि सगळी कामाची पद्धत त्यामुळे बदलते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातले मीठ जसे बरणीतल्या बरणीत पाणी धरते, तसेच पत्र्यावर बसलेले मीठ हवेतून पाणी ओढते. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या पुढे ओले होते, परंतु समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते त्याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओल धरतात. बंदराजवळ रात्रीची आणि पहाटेची हवा वर्षातील बहुतेक दिवस एवढी दमट असते की मीठ बसलेला पत्रा पाऊस नसतानाही ओलाच राहतो. मासळीच्या गाडीत तर बर्फाचे खारट पाणी फरशीवर, मॅटखालच्या जाजमात आणि जोडांच्या फटींत मुरलेले असते. हे क्षार गंजाच्या थराखाली, पत्र्याच्या बारीक खळग्यांत बसतात. वरचा गंज घासून पत्रा चकचकीत दिसला तरी खळग्यातले मीठ तसेच असते. त्यावर रंग बसला की ते रंगातून झिरपणारी ओल खेचते, आणि फोड वाढतो.

तेव्हा पैसे ठरवण्यापूर्वी गाडी तपासावी. याला एक सकाळ पुरते आणि हे काम आपण स्वतः करू शकता. आतील मॅट आणि त्याखालचे जाजम पूर्ण उचलावे, दरवाजांचे आतले पत्रे काढावेत, मागच्या डिकीचे रबर ओढून काढावे. कापडात गुंडाळलेला लहान लोहचुंबक फोडांच्या आसपास फिरवावा. तो जेथे सैल पडतो तेथे जुनी पुट्टी जाड आहे असे समजावे. गाडीखाली जाऊन टोकदार स्क्रू-ड्रायव्हरने जोडांवर, चाकांच्या कमानींच्या आतून आणि सरकत्या दरवाजाच्या खालच्या रुळाच्या पाठीमागे दाबून पाहावे. जेथे टोक आत जाते तेथे पत्रा उरलेला नाही. छताच्या कडेची पन्हळ नखाने खरवडून पाहावी, कारण तिच्यातला सीलंट तडकला असेल तर पाणी छताच्या कडेने आतल्या खांबांत उतरते आणि खाली भलतीकडेच गंज दिसतो.

येथून पुढचे उत्तर आपल्याला काय आढळते यावर अवलंबून आहे. ओम्नीला वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्राच सगळा भार वाहतो. सस्पेन्शन जेथे बॉडीला जोडले आहे त्या जागा, सीटच्या पट्ट्यांचे नट जेथे बसतात त्या जागा आणि तळाचे लांब चौकोनी पोकळ पट्टे खाल्लेले असतील, तर रंगाचा विचार बाजूला ठेवावा. त्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो, आणि ती दुरुस्ती न करता वर रंग मारणे सुरक्षित नाही. दुसरी गोष्ट कागदांची. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतरचे नूतनीकरण ५-५ वर्षांचे होते. आपली गाडी २००९ ची, म्हणजे २०२४ मध्ये नूतनीकरण झाले असेल तर ते २०२९ पर्यंत आहे. त्यापुढेही गाडी ठेवायची आहे की नाही, हे आधी मनाशी ठरवावे; कारण रत्नागिरीच्या गॅरेजने सांगितलेले काम बरीच वर्षे टिकण्यासाठी असते, आणि दोनच वर्षांसाठी ते करून घेण्यात अर्थ नाही. रंग पांढराच ठेवावा, असेही मी सुचवेन. रंग बदलला तर आरटीओकडे जाऊन आरसी बुकात तशी नोंद करावी लागते. शिवाय साध्या पांढऱ्या रंगाचा पॅच जुळवणे मेटॅलिक रंगापेक्षा फार सोपे असते.

तळ आणि मुख्य जागा शाबूत आहेत असे धरून पुढे सांगतो. आरपार गेलेला पत्रा कापूनच काढावा लागतो. भोकावर एम-सील किंवा फायबरची जाळी लावून पुट्टी ओढण्याची पद्धत आहे, पण त्यात मागच्या बाजूचा ओला गंज तसाच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात तो सगळा तुकडा उचलतो. गंजक्या भागाच्या पलीकडे, चांगला पत्रा लागेपर्यंत कापावे आणि त्याच जाडीचा तुकडा सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने केलेल्या विजेच्या वेल्डिंगने) ठिपक्याठिपक्यांनी जोडावा. बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. गॅसच्या ज्योतीने तो लांबवर तापून वाकतो आणि मग ती वाकडी जागा लपवण्यासाठी पुट्टीचा थर जाड होत जातो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, आणि तळाला काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून बाजूला ठेवावी. सीएनजी किंवा एलपीजीचे किट असेल तर ते जाणकाराकडूनच उतरवून घ्यावे. यात घाई करणाऱ्या कारागिराला काम देऊ नये.

जेथे पत्रा शिल्लक आहे पण गंजाने खळगे पडले आहेत, तेथे सगळ्यात जास्त कष्ट आहेत आणि माझ्या अनुभवात रंगाचे आयुष्य तेथेच ठरते. तारेचा ब्रश गंजाला चमक आणतो, काढत नाही. ८० नंबरच्या पेपरने किंवा स्ट्रिपिंग डिस्कने पत्रा उघडा करावा; ग्राइंडरची कडक डिस्क टाळावी, कारण ती उरलेला पत्राच पातळ करते. त्यानंतर मी जी पायरी किनाऱ्यावरच्या प्रत्येक गाडीला करतो आणि बहुतेक ठिकाणी वगळलेली पाहतो, ती धुण्याची. उघडा पत्रा गोड्या पाण्याने, नायलॉनच्या ब्रशने, दोन-तीनदा धुवावा. पाणी गोडेच हवे. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरींचे पाणी फेब्रुवारीनंतर मचूळ होते, आणि त्या पाण्याने धुणे म्हणजे मीठ परत लावणे. धुतल्यावर पत्र्यावर लगेच तांबूस झाक येते, तिला घाबरू नये. पत्रा उन्हात आणि हवेच्या झोताने कोरडा करून खळग्यांत फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर लावावे. ते गंजाचे रूपांतर काळपट, स्थिर थरात करते. मात्र उरलेले आम्ल पुसून, पुन्हा गोड्या पाण्याने धुऊन काढलेच पाहिजे; ते राहिले तर वरचा प्रायमर पत्र्याला धरत नाही. मग पुन्हा कोरडे करून हलका पेपर मारावा, थिनरच्या कापडाने पुसावे, ओले असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपावे, आणि त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारावा. उघडा पत्रा किनाऱ्यावर एक रात्रही तसा ठेवू नये.

पुट्टी इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नव्हे. पॉलिएस्टर पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असते आणि ती पाणी शोषते. म्हणून तिच्याखाली पाणी आरपार जाऊ न देणारा थर हवा. याच कारणाने पुट्टी पाणी लावून घासू नये. आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांत वॉटर पेपरने पुट्टी घासण्याची सवय आहे, त्याने धूळ उडत नाही आणि हात वेगाने चालतो, परंतु शोषलेले पाणी सरफेसरखाली (रंगापूर्वी पृष्ठभाग एकसारखा करणाऱ्या थराखाली) बंद होते. धूळ सोसून, तोंडाला मास्क बांधून ती कोरडीच घासावी. पुट्टी कडक करणारा हार्डनर दोन टक्क्यांच्या आसपास असावा. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर त्याचा डाग वरच्या पांढऱ्या रंगातून पिवळसर दिसतो. आणि दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर लागत असेल, तर पत्रा पुन्हा ठोकून सरळ करावा.

थोडक्यात क्रम असा झाला: उघडणे, कापणे-जोडणे, धुणे, इपॉक्सी, पुट्टी, पुन्हा पातळ इपॉक्सी, जोडांवर सीलंट, मग सरफेसर आणि शेवटी रंग. यातला सरफेसर सच्छिद्र असतो. गाडी सरफेसरवर आठवडाभर अंगणात उभी राहिली तर त्यात दव आणि मीठ मुरते, आणि मागच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडते. गाडी मध्येच थांबवायची वेळ आली तर ती इपॉक्सीवर थांबवावी, तीही छपराखाली.

आता रंगाविषयी. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट केवळ थिनर उडून सुकतो, त्याचा थर पातळ आणि सच्छिद्र असतो, आणि खाऱ्या हवेत तो लवकर निस्तेज होतो. टू-के पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन) पेंट हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन कडक होतो आणि ओल पुष्कळ चांगली अडवतो. किनाऱ्यावर पीयूच घ्यावा. त्यातील फरकाची रक्कम एकूण मजुरीच्या मानाने लहान आहे. परंतु आधी मागच्या वेळी काय मारले होते ते पाहावे. कापूस एनसी थिनरमध्ये भिजवून न दिसणाऱ्या जागी मिनिटभर दाबून ठेवावा. रंग विरघळून कापसावर आला तर जुना थर एनसीचा आहे, आणि त्यावर थेट पीयू मारल्यास तो सुरकुततो. तसे आढळले तर जुना थर कंपनीच्या मूळ रंगापर्यंत उतरवावा. मूळ रंग जेथे घट्ट आहे तेथे तो अजिबात काढू नये. कारखान्यात पूर्ण बॉडी फॉस्फेट आणि प्रायमरच्या टाक्यांत बुडवून भट्टीत भाजलेली असते. तसा पाया कोणतेही गॅरेज पुन्हा देऊ शकत नाही. रंगाची छटा जुळवण्यासाठी पेट्रोलच्या झाकणाची फळी काढून दुकानात न्यावी. केवळ कोडवरून केलेला पांढरा रंग सतरा-अठरा वर्षे ऊन खाल्लेल्या पांढऱ्याशेजारी वेगळा दिसतो.

हवामानाबद्दल आपण विचारलेले फार योग्य आहे. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते ते, २६ अंशांच्या आसपास असतो. फवारलेल्या रंगातला थिनर उडताना पत्र्याचे तापमान काही अंशांनी उतरते, म्हणजे पत्रा दवबिंदूच्या अगदी जवळ येतो आणि ताज्या रंगावर ओल धरते. एनसीवर त्याने पांढरट झाक येते, तर पीयूचा हार्डनर त्या पाण्याशीच क्रिया करतो आणि तकाकी मरते किंवा बारीक टाचणीएवढी छिद्रे पडतात. साधा आर्द्रतामापक फार महाग नसतो. तो जवळ ठेवावा आणि ७० टक्क्यांच्या वर शेवटचा हात मारू नये. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ. त्यातही दव उडाल्यावर, साधारण नऊपासून, खारे वारे सुरू होईपर्यंतचे दोन-तीन तास धरावेत. मतलई वारा जमिनीवरून येतो, तो कोरडा असतो. दुपारी समुद्रावरून येणारा वारा ओल, मीठ आणि पुळणीची बारीक रेती घेऊन येतो. सकाळी रंग झाला की संध्याकाळचे दव पडण्यापूर्वी त्याला पुरेसे तासही मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये काम करावे लागले तर स्लो थिनर वापरावा आणि थर पातळ ठेवावेत.

जागा बंदिस्त असावी, आणि आंब्याखाली तर नसावीच. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट स्राव झाडाखालच्या प्रत्येक वस्तूवर पडतो, आणि त्यावर मारलेला रंग पत्र्याला धरत नाही. आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते ती कंप्रेसरची. दमट हवा दाबली की टाकीत पाणी साचते आणि नळीवाटे गनमध्ये येते. टाकीखालचा कॉक उघडून कामापूर्वी पाणी सोडावे, आणि गनच्या अलीकडे पाणी वेगळे करणारा फिल्टर असावा. पेंटरच्या कंप्रेसरला असा फिल्टर नसेल तर आपण स्वतः तो आणून द्यावा, इतके ते महत्त्वाचे आहे.

आपण काही काम स्वतः करू इच्छिता, ते अवश्य करावे: सुटे भाग काढणे, छिद्रे मोकळी करणे, धुणे, घासणे, मास्किंग. पीयू रंगाची फवारणी मात्र स्वतः करू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला मुळीच अडवत नाही. आपला पेंटर रुमालावरच काम करीत असेल तर त्यालाही चांगला कार्ट्रिज मास्क घ्यायला लावावा, आणि फवारणीच्या वेळी घरातल्या मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

रंग पूर्ण कडक होण्यास आठवडाभर लागतो. त्यानंतर जे काम करायचे ते कोणाला दिसत नाही, आणि मला ते रंगाइतकेच मोलाचे वाटते. वेल्डिंगने जोडाच्या आतल्या बाजूचा कारखान्यातला थर जळून गेलेला असतो आणि तेथे ब्रश पोहोचत नाही. म्हणून दरवाजांचे पोट, तळाचे पोकळ पट्टे आणि कमानींची आतली बाजू यांत लांब नळीने मेणयुक्त गंजरोधक फवारावे. ते फटींत स्वतःहून झिरपते. जुने इंजिन ऑइल फवारण्याची रीत काही ठिकाणी आहे, ती नको; त्याने रबरे फुगतात, आणि पुढे कधी पॅच मारावा लागला तर तेलाच्या जागी रंग फाटून खड्डे पडतात. तळाला इपॉक्सीवर रबरयुक्त अंडरकोटिंग द्यावे, पण पाणी जाण्याची छिद्रे बुजू देऊ नयेत. गंजावर थेट डांबर फासणे हे सर्वांत वाईट, कारण त्याखाली ओल बंद होते आणि पत्रा न दिसता संपतो.

आता आपल्या वेळापत्रकाविषयी माझे मत. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरुवात करून हे सगळे एप्रिलच्या मध्यापर्यंत नीट होत असेल तर करून घ्यावे. तसे जमणार नसेल तर काम दोन भागांत तोडावे. आत्ता पत्रा, तळ, काचेचे रबर, पन्हळीचा सीलंट आणि इपॉक्सी, आणि त्या-त्या जागेपुरता पांढऱ्या पीयूचा साधा हात. पूर्ण बॉडीचा रंग डिसेंबरवर ढकलावा. गाडी एक पावसाळा ठिगळांची दिसेल, पण गंज थांबलेला असेल. याच्या उलट, आत्ता घाईने वरून चकचकीत करून पत्र्याचे काम पुढे ढकलले तर मृगाच्या सरी येताच जुनाच अनुभव पुन्हा येईल.

दोघांपैकी कोणाकडे द्यावे, हे मी येथून सांगू शकत नाही. गावातला पेंटर हात चांगला असलेला असेल आणि वेल्डिंग दुसऱ्याकडून करून घ्यायला तयार असेल तर तो कमी खर्चात हेच काम देऊ शकतो. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी दोघांनाही तेच विचारावे: उघड्या पत्र्यावर पहिला थर कशाचा देणार, काच उतरवणार की टेप लावून रंगवणार, पुट्टी ओली घासणार की कोरडी, आणि जोडाच्या आतल्या बाजूला काय करणार. उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत, आणि प्रायमर मारण्यापूर्वी उघडा पत्रा पाहण्यासाठी आपल्याला बोलावले जाईल, ही अट त्याच कागदावर घालावी.